पाठ झालेली गोष्ट

२९ सप्टेंबर २०२५
अखेर घोडेगावकर झालो! ग्रंथपालाची नोकरी, वाचनालयामागेच राहायला दोन खोल्या, आणि नळ चक्क घरात. मनवाने, म्हणजे माझ्या सात वर्षांच्या लेकीने, आल्या आल्या पुस्तकांच्या कपाटांमधून शिवणापाणी सुरू केलं. सुश्रुत नागापूरला कारखान्यात. तो दर रविवारी येणार. नवरा आठवड्यातून एकदाच घरात, ही सोय काही वाईट नाही, असं म्हटलं तर फुगून बसला. शुक्रवारी इथे जनावरांचा मोठा बाजार भरतो. मनवाला म्हशी बघायच्या आहेत.

३ ऑक्टोबर
जुने दिवाळी अंक लावत होते. एका अंकातली मधली पानं ब्लेडने कापलेली! आधीच्या ग्रंथपालांनीच कापली, असं शामकांत गुरुजी म्हणाले. ते निवृत्त शिक्षक, रोज पेपर वाचायला येतात. पुस्तकाला ब्लेड लावणाऱ्याचा मला संताप येतो.

गंमत म्हणजे, त्या पानांवरची गोष्ट ज्यांनी वाचली त्यांना ती अजून आठवते. अंतराळयानात एकटा माणूस. त्याच्या डोक्यात न दिसणारं काहीतरी मुक्कामाला येतं आणि स्वतःला जागा करायला त्याची माणसं आठवणीतून एकेक करून बाहेर काढतं. शेवटी पृथ्वीवरून बायको बोलते आणि तो विचारतो, कोण बोलतंय? गुरुजींकडून ऐकताना अंगावर काटा आला.

तेवढ्यात गुरुजींना न्यायला त्यांच्या पत्नी इंदूताई आल्या. गुरुजींनी उठून त्यांना नमस्कार केला आणि आपण कुठल्या, असं विचारलं. इंदूताईंनी त्यांची पिशवी उचलली. वय झालं की असं होतं. वाईट वाटलं.

८ ऑक्टोबर
पंधराला वाचन प्रेरणा दिन. दरवर्षीची तीच भाषणं नकोत, म्हणून ठरवलं की वाचकांना विचारून ती गोष्ट पुन्हा उभी करायची आणि गावासमोर वाचायची. मला वाटलं होतं, ज्याला त्याला वेगळा तुकडा आठवेल. पण सगळे तीच वाक्यं सांगतात, स्वल्पविरामाला सुद्धा तिथेच थांबतात.

फक्त म्हशींचे व्यापारी सहादेव एक अक्षर सांगायला तयार नाहीत. मध्यंतरी ते म्हैस घेऊन घरी आले आणि स्वतःचा मुलगा, करण, बाजारातच विसरले. गाव अजून त्यांची थट्टा करतं. मीही पोट धरून हसले.

१५ ऑक्टोबर
पटांगण भरलं होतं. मीच वाचली. पहिल्या पानानंतर कागद बघावाच लागला नाही, मी कधी पाठ केली कोण जाणे. मनवा पुढेच बसली होती, कानांवर हात ठेवून. संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे गपचूप उठून गेले.

१७ ऑक्टोबर
सहादेव आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"पानं उगं न्हाई कापली, मॅडम. ती गोष्ट इसरत न्हाई. तिला ऱ्हायला जागा लागती, म्हनून बाकीचं इसरतं. करन माझा हाय हे मला लोकांनी सांगितलं, म्हनून माझा."

मी चिडले. गोष्ट आहे, गोष्टीसारखी घ्या, म्हटलं. ते गेल्यावर फोन वाजला. कुणी सुश्रुत म्हणून होते, या रविवारी जमत नाही, दिवाळीला केव्हा येऊ विचारत होते. मी म्हटलं, आमच्याकडे नको, आम्ही आपल्याला ओळखत नाही. मनवा बघतच राहिली. बाबांशी असं काय बोललीस, म्हणाली.

मला त्याचा चेहरा आठवेना. अजूनही आठवत नाही. खूप भीती वाटते आहे.

१८ ऑक्टोबर
गोष्ट थांबत नाही. भाकरी थापताना, केर काढताना — पहिल्या वाक्यापासून पुन्हा.

लिहून ठेवते. मनवा. माझी मुलगी. सात वर्षांची. हनुवटीवर टाक्यांची खूण. भेंडी खात नाही. झोपताना माझा कान धरते. मनवा. नवरा गेला तर जाऊ दे — काय लिहितेय मी हे — पण ती नको. तिला सोडून काहीही ने.

१९ ऑक्टोबर
वेणी घालताना हात थांबला. ही कुणाची —

आठवलं. मनवा. आठवलं.

ती आरशातून बघत होती. तिला कळलं.

२० ऑक्टोबर
डोकं शांत आहे. गोष्ट अगदी स्वच्छ ऐकू येते.

एक मुलगी सरळ घरात आली, हातात आकाशकंदील. आई म्हणते मला. घर चुकलीस का, बाळ, विचारलं. रडायला लागली —

मागची पानं वाचली. अक्षर माझं. कुणा मुलीबद्दल — हनुवटीवर खूण — हिलाही आहे —

नाव विचारलं. तिने सांगितलं. सावकाश, पुन्हा पुन्हा. माझ्याकडून म्हणवून घेतलं. आता विसरायच्या आत लिहिते, हिचं नाव —