मोरीखालचा मानाचा पाट

अहो,

तुरुंगात पत्रं आधी साहेब वाचतात, म्हणून हे पाठवणार नाही. पण लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्या छतातून ठिबकणारी वरच्या मजल्यावरची मोरी अखेर गळायची थांबली!

तुमच्या अर्जांना घरमालकांनी कधी दाद दिली नाही. मग मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मालकीणबाईंनाच बोलावलं. गळतीखालची बादली उचलली आणि नेमका तिथेच पाट मांडला, भोवती रांगोळीसुद्धा काढली. बाई नवी पैठणी नेसून आल्या. पहिला थेंब खांद्यावर पडला, तेव्हा मी ओटी भरायला घेतली होती. अर्धी ओटी टाकून सवाशीण उठणार कशी? मी सावकाश भरत राहिले. त्यात शेजारच्या गंगूबाई म्हणाल्या, "उखाणा घ्या ना, चांगला लांबलचक!"

"अगंबाई, हे पाणी कसलं?" मालकीणबाईंनी वर बघत विचारलं.

"वरच्या मोरीचं," मी म्हटलं. "रोजचंच आहे. मालकांना ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच प्लंबर हजर!

तुम्ही सत्याग्रह करून महाराष्ट्राला मुंबई मिळवा, छत मी मिळवलं. सुटून आलात की त्याच पाटावर जेवायला वाढीन. सवयीनं वर बघाल, तेव्हा मी मनसोक्त हसणार आहे.

तुमची वाट पाहणारी,
शकू