समुद्र मागे हटला

सुरूवाडी, जि. पालघर
६ ऑक्टोबर २०२३

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद (रिवाज म्हणून).

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. याला सायलेंटवर टाकता येत नाही.

तुझ्या संगणकाने विमानातून काढलेल्या फोटोंवर किनाऱ्याची रेघ आपोआप ओढली, जुन्या रेघेशी ताडून पाहिली आणि आमचा समुद्र मागे हटल्याचं जाहीर केलं. अभिनंदन. समुद्राला मात्र कुणी कळवलेलं दिसत नाही. परवा त्याने झुंबरबाईचा मासळी वाळवायचा ओटा नेला. तुझ्या नकाशात आम्ही 'सुरक्षित', म्हणून बंधाऱ्याच्या यादीतून गाव वगळलं. ओट्यामागे आता तिचं घरच आहे.

तुझ्या सत्काराचं श्रीफळ मीच इथून पाठवलं होतं. तो माड आता आडवा झालाय. माझा भाऊ नकाशा करतो म्हणून गावभर पेढेही मीच वाटले. हल्ली शाळेत मागच्या वाटेने जाते.

तुझ्या बायकोला, हर्षालीला, मनापासून आशीर्वाद.

तुझी,
दीपमालाताई


नाशिक
१३ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सगळं तपासलं. जुना फोटो भरतीचा, नवा ओहोटीचा. पाणी दिसलं तिथे मी किनारा धरला. आपण पडलो पंचवटीचे. धरणातून सोडलं की गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडणार, एरवी पाणी आपल्या जागी. रोज दोनदा जागा बदलणारं पाणी माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि ताई, फोटोच्या कडेला घड्याळ छापलेलं होतं. संगणक अडखळतो म्हणून मीच सगळ्या कडा कापायला लावल्या.

चूक साहेबांना कळवली. ते म्हणतात, ग्रामसभेपुढे सगळं सांगा, ठराव आणा, मग गाव पुन्हा यादीत घेऊ. ताई, तूच सांग ना. 'तांत्रिक अडचण' म्हण. मे महिन्यात त्याच ओट्यावर बसून मी बोंबील खाल्ले, झुंबरबाईने आग्रह करकरून वाढले. तिच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू?

तुझा,
अमोल


सुरूवाडी
१९ ऑक्टोबर

चि. अमोल यास,
आशीर्वाद.

पेढ्यांची लाज माझी, ती मी निस्तरते. नकाशाची तुझी. 'तांत्रिक अडचण' हे शब्द या गावाने विजेचे खांब आले तेव्हापासून ऐकलेत. ते ऐकून कुणी हात वर करत नाही. आणि ठराव झाला नाही, तर पुढच्या पावसात झुंबरबाई माझ्या शाळेच्या वर्गात राहायला येईल.

ग्रामसभा कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी. तेव्हा मोठी भरती असते. तुझा समुद्र कुठवर मागे हटलाय ते बघत बोलता येईल. मी पहिल्या रांगेत बसेन, मान खाली घालून. बहिणीने एवढं करावं.

हर्षालीने फोन उचलला. म्हणाली, दोनदा रद्द करून तिसऱ्यांदा एसटीचं तिकीट काढलंयस. बरं केलंस.

तू येतोयस हे झुंबरबाईला सांगितलं, का येतोयस तेही सांगितलं. तिने विणायचं जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, येऊ दे की, पण बसवायचं कुठं त्याला? ओटा तर गेला.

लोभ होता तिथेच आहे. रेघ ओढून बघू नकोस.

तुझी,
ताई