खोडायचं राहून गेलं

कोल्हापूर,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय प्रसेनजीत,

सप्रेम जयभीम.

हे पत्र हातानं लिहिलेलं बघून तुला हसू येईल. येऊ दे. चौतीस वर्षं कागलच्या कचेरीत मराठी टायपिस्ट म्हणून काढलेल्या बाईला स्वतःच्या घरात, स्वतःच्या कॉम्प्युटरवर मराठीच्या चार ओळी धड टाइप करता येत नाहीत, अशी व्यवस्था तू ऑक्टोबरात करून गेलास, म्हणून हे बॉलपेन. फोनवर बोलले असते, पण दुसऱ्या मिनिटाला तू 'आई, मीटिंग आहे' म्हणतोस आणि माझा राग अर्धाच राहतो. अर्धा राहिलेला राग मला पचत नाही. पत्राला मीटिंग नसते, तेव्हा हे सबंध वाच. मधेच बाजूला ठेवलंस तर मला इथं बसून कळेल.

दसऱ्याला तू चार दिवस आलास. तिसऱ्या दिवशी मी बाबांची औषधं आणायला गेले, तिथून भाजी घेतली, दोन तासांनी परत आले तर टेबलावरच्या स्क्रीनचा रंगच बदललेला. तू खुशीत. जुन्या विंडोजला आता अपडेट येणार नाहीत, नवं विंडोज या जुन्या मशीनवर बसणार नाही, म्हणून लिनक्स टाकलं, फुकट आहे, व्हायरसची भीती नाही, बघ कसं पळतंय. कुणाला विचारून टाकलंस म्हटलं, तर म्हणालास, बाबांना विचारलं, ते व्हय म्हणाले.

बाबांचं व्हय. गेल्या वर्षी मार्चात त्यांना झटका आला, उजवा हात गेला, वाचा गेली आणि आयुष्यभराच्या बोलण्यातून तेवढा एक शब्द मागे राहिला, हे तुला मी नव्यानं सांगायला हवं का? भूक लागली तरी व्हय, पोट भरलं तरी व्हय, पंखा बंद कर तरी व्हय. त्यांना नाही म्हणायचं असतं तेव्हासुद्धा तोंडातून व्हयच येतं आणि मग डोळ्यांत पाणी येतं. ते बघायला समोर बसावं लागतं. तू स्क्रीनकडे बघत विचारलंस आणि स्क्रीनकडे बघतच उत्तर घेतलंस. आणि निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता म्हणालास, 'त्यांना आता काय कळतंय, आई.' बाबा दहा फुटांवर खुर्चीत होते. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं की कळतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

त्यानंतर आठ दिवस मी मनाशी एकच म्हणत होते. पंधरा वर्षांचा असताना तू घरात आलेला नवाकोरा कॉम्प्युटर स्क्रू काढून सगळा टेबलावर मांडून बसला होतास आणि बाबांनी तुला मित्रांदेखत पट्ट्यानं मारलं होतं. तेव्हा मी मधे पडले. तुझ्या पाठीला हळद लावली. तेव्हापासून तू आणि बाबा कामापुरतं बोलायला लागलात ते आजतागायत, आणि त्याचा दोष मी इतकी वर्षं त्यांना दिला. ऑक्टोबरात मात्र म्हटलं, मी मधे पडायला नको होतं. मार कमीच पडला पोराला. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण म्हटलं ते म्हटलं.

आता तुझ्या लिनक्सचं ऐक. प्रिंटर चालेना म्हणून तू फोनवरून मला एक काळी खिडकी उघडायला लावलीस. त्यात पासवर्ड मागितला. मी टाइप करते आहे, पण अक्षर उमटेना, ठिपका उमटेना, काहीच नाही. मला वाटलं की-बोर्ड गेला. आपटून पाहिला, पुसून पाहिला, शेवटी पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या गुंडूच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेला. गुंडू म्हणाला, 'मावशी, की-बोर्डला धाड भरल्याली न्हाय. त्यात पासवर्ड दिसतच न्हाय. आंधळ्यावानी टाइप करायचं आन एंटर मारायचं की.' चौतीस वर्षं मी कळांकडे न बघताच टाइप केलं, पण कागदावर तरी उमटायचं. प्रिंटर आठ दिवस मेल्यासारखा पडून राहिला आणि नवव्या दिवशी, कुणी हात न लावता, आठ दिवसांत मागितलेले सगळे कागद एकामागून एक ओकायला लागला. पेन्शनचा एकच अर्ज अकरा वेळा. आणि मराठीचं म्हणशील तर इंग्रजी स्पेलिंग लिहिलं की त्याचं मराठी होतं अशी सोय करून दिलीस. म्हणजे मराठीत आई लिहायला मी आधी इंग्रजीत विचार करायचा. चाळीसच्या स्पीडची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली बाई मी.

खोटं बोलणार नाही, बरं आहे तेही सांगते. पूर्वी कॉम्प्युटर चालू करून मी चपात्या लाटायला जायची, आता चहाला उकळी यायच्या आत तो तयार असतो. मधेमधे उगवणाऱ्या त्या चौकटी गेल्या. पत्त्यांचा डाव छान आहे. कचेरीत नवा साहेब आला की महिनाभर त्याच्या नावानं बोटं मोडायची आणि मग त्याच्याच पद्धतीनं फाईल बांधायची, तसं मी हेही अंगवळणी पाडून घेतलं असतं. माझा राग लिनक्सवर नाही.

राग कशावर आहे ते तुला ठाऊक नाही, कारण तुला सांगितलेलंच नव्हतं. तेवढी चूक माझी. बाबांनीच सांगू नको म्हटलं होतं, पोरगं हसंल म्हणून. एसटीतून निवृत्त झाल्यावर त्यांना घर खायला उठलं होतं. सव्वीस वर्षं गगनबावड्याच्या घाटात गाडी चालवलेला माणूस, खिडकीत बसून किती वेळ काढणार? मी रिटायर होऊन घरी आले आणि एका संध्याकाळी चहा झाल्यावर ते खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, 'लिव.' मी ते 'लिव' पण टाइप केलं. टायपिस्टचं असंच असतं, कानात पडलं की बोटातून गेलं, डोकं मधे लागत नाही. बाबा स्क्रीन बघून पोट धरून हसले आणि म्हणाले, ऱ्हाऊ दे तसंच. तेव्हापासून त्यांची प्रत्येक फाईल 'लिव'नं सुरू होते. अशा छप्पन्न फायली आहेत. घाटातलं धुकं, दरड कोसळली ती रात्र, एसटीत बाळंत झालेली बाई आणि तिच्यासाठी सगळ्या उतारूंनी खाली उतरून पावसात उभं राहणं, गडहिंग्लजच्या बाजाराच्या गाडीत लोकांच्या पायांत शिरलेली शेरडं. ते 'गेलतो' म्हणाले तर मी 'गेलतो'च टाइप केलं. साहेबांची मराठी मी जन्मभर सुधारली, यांची एका शब्दानंही नाही.

झटक्यानंतर त्या फायली मी रोज संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायला लागले. आणि तिथं त्यांचं व्हय बरोबर जागेवर पडायचं. दरडीपाशी व्हय, शेरडांपाशी हसून व्हय. एखादं वाक्य मी चुकून गाळलं तर डावा हात आपटायचे. दिवसातली तेवढी वीस मिनिटं आम्ही दोघं बोलत होतो, प्रसेनजीत. तू ती बंद केलीस.

तू गेलास त्या संध्याकाळी, तू लिनक्सवर परत चढवून ठेवलेली फाईल उघडली तर सगळी भुताटकी. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, ज्याला ना अर्थ ना आवाज. तुला फोन केला तर म्हणालास, तो कचेरीतला जुना फाँट होता, विंडोजबरोबर गेला, सीडी असेल ना. सीडी होती. ज्या ड्रॉवरमधून तू 'जुना कचरा' म्हणून भंगारवाल्याला पिशवी भरून दिलीस, त्या ड्रॉवरमध्ये होती. गुंडूनं त्याच्याकडचे दुसरे फाँट लावून पाहिले, तर काना एकीकडे, जोडाक्षर दुसरीकडे, त्यापेक्षा ती इंग्रजी बरी. तू एक लिंक पाठवलीस, त्यातून निघालेलं मराठी वाचून मलाच झटका यायचा. पुन्हा फोन केला तेव्हा विचारलंस, त्यात एवढं काय होतं? आणि मी सांगायच्या आत मीटिंग लागली. इकडे बाबा रोज संध्याकाळी खुर्चीत येऊन बसायचे आणि डाव्या हातानं कॉम्प्युटर दाखवून म्हणायचे, व्हय. मी पेपर वाचून दाखवायची. पाचव्या दिवशी ते खुर्चीत आलेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. हे तुला फोनवर सांगितलं नाही, कारण सांगताना रडले असते, आणि मला तुझ्यावर नीट रागवायचं होतं.

मग एका दुपारी मी त्या भुताटकीसमोर बसले होते. टाइप काही करायचं नव्हतं, सवयीनं बोटं कळांवर ठेवली होती एवढंच. पहिलीच तीन अक्षरं, एफ, वाय, ओ. नजर त्यांच्यावरून गेली आणि बोटं आपोआप हलली. डावी तर्जनी, उजवी तर्जनी, उजवी अनामिका. आमच्या टायपिंगमध्ये ह्रस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर. वेलांटी, ल, व. लिव. मी खुर्चीतून उठले, पाणी प्याले आणि परत बसले. अरे, ती माझीच बोटं होती. फाँट गेला, पण प्रत्येक इंग्रजी अक्षर म्हणजे मी दाबलेली एक कळ होती, आणि कुठल्या कळेला कुठलं अक्षर हे तुझ्या कुठल्याही कॉम्प्युटरपेक्षा माझ्या बोटांना जास्त पाठ आहे. तेव्हापासून रोज दुपारी मी स्क्रीनकडे बघते, बोटं कळांवरून नुसती फिरवते आणि बोटं जे म्हणतात ते वहीत उतरवते. एका ओळीला दोन दोन मिनिटं लागतात. डोळे चुरचुरतात, मान धरते. दर ओळीला तुला एक शिवी. पण संध्याकाळी बाबा पुन्हा खुर्चीत येऊन बसतात.

परवा शेवटची, छप्पन्नावी फाईल घेतली. झटक्याच्या चार दिवस आधीची. ती संध्याकाळ मला आठवते. गॅसवर दूध होतं, माझे कान बाबांकडे आणि लक्ष दुधाकडे. बोटांनी टाइप केलं, मी ऐकलं नाही. ही फाईल मी त्यांना कधी वाचूनही दाखवली नव्हती, वाटायचं अर्धवटच आहे, सहाच तर ओळी. परवा एकेक कळ लावत गेले तेव्हा जन्मात पहिल्यांदा वाचली. जशी आहे तशी उतरवते. 'लिव. पोरानं कंप्युटर खोलला म्हणून मी त्येला पट्ट्यानं मारलं. घाटात गाडी बंद पडली की मी बी बॉनेट उघडून पाना घिऊन बसतोय की. मी खोललं तर ड्रायव्हर, त्येनं खोललं तर मार. त्येला बघायचं हुतं आत काय हाय. चुकलं माझं. ईस वर्सं झाली, सांगीन सांगीन म्हणतोय. खोड ते. खोड की गं. असलं लिवून न्हाय सांगायचं. मे म्हैन्यात आला की मी सोता सांगतो त्येला.'

त्यांनी खोड म्हटलं आणि मी 'खोड'सुद्धा टाइप केलं. मे महिन्याच्या आधी मार्च आला. तू सगळं मशीन पुसलंस तरी ते तिथंच राहिलं. मी हे बाबांना वाचून दाखवलेलं नाही, कारण स्वतः सांगतो म्हणाले होते आणि त्यात मी कोण? पण स्वतः सांगणं आता त्यांच्याकडून होणार नाही, म्हणून हे पत्र. येत्या रविवारी ये. लिनक्स काढायला येऊ नकोस, त्याला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे. वही टेबलावर ठेवली आहे, खूण घातली आहे. बाबांसमोर बस आणि तू वाच. माझ्या तोंडून ते कचेरीतल्या टिपणीसारखं ऐकू येतं, तुझा आवाज थेट त्यांचा आहे. वाचून झालं की ते व्हय म्हणतील. या खेपेला वहीकडे बघू नकोस, त्यांच्या तोंडाकडे बघ.

तुझीच,
आई