दोन टक्क्यांचा फायदा

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. दुकानात शेठ म्हणाले, "बारा हजार पगार घे, नाहीतर सात हजार आणि विक्रीवर दोन टक्के. दुसऱ्यात फायदा तुझाच."

फायदा माझा? बिलाच्या पाठीवर मांडलं: ७००० + ०.०२क्ष > १२०००. म्हणजे क्ष, महिन्याची विक्री, अडीच लाखांच्या वर हवी. निजामपुऱ्यातल्या आमच्या एका काउंटरवर महिन्याला दोन लाखांच्या वर कपडा कधी विकला गेलाय? रोज गल्ला शेठच मोजतात ना?

मी पगारच घेतला. "रुखसानाला सांगू नकोस," ते हळूच म्हणाले. शेजारच्या काउंटरवरच्या रुखसानाने सकाळीच दोन टक्क्यांवर सही केली होती. मी बिल तिला दाखवलं.

"चल मेरे साथ," ती म्हणाली. दोघी केबिनमध्ये गेलो. शेठनी तिलाही बारा हजार लिहून दिले, वर म्हणाले, "तुम्ही बायका फार हिशोबी."

आम्ही हिशोबी?