आढ्याला टांगलेला बॉल

बा, मागच्या खोलीच्या आढ्याला, जिथं पावसाळाभर तुझी कुऱ्हाड टांगलेली असायची, तिथं सध्या मी एक बॉल बांधून ठेवला आहे. पांढरा, लाल टाके घातलेला, मुठीत जेमतेम मावेल एवढा. तुझ्या पणतीचा आहे. बेसबॉल म्हणतात त्या खेळाला. एक जण फेकतो, समोरचा सोट्यानं मारायला बघतो. आपली पोरगी फेकणारी. मैदानाच्या मधोमध एकटी उभी राहते, एक पाय छातीपर्यंत उचलते आणि सगळं अंग वळवून असा बॉल सोडते की तो जाताना दिसत नाही, पलीकडच्या पोरीच्या चामडी पंजात वाजला की कळतं. मी हे एकदाच पाहिलं, उन्हाळ्याच्या तोंडावर, चंद्रपूरच्या मैदानावर. तेही पोंभुर्ण्याहून निघालेली एसटी वाटेत बिघडली म्हणून शेवटी शेवटी पोचलो. दोन-चार बॉल पाहिले आणि खेळ संपला. म्हणजे पाहिलं असं म्हणवतही नाही.

त्या मॅचनंतर ती डाव्या हातानं भात कालवायला लागली. सून तिच्यावर ओरडली, हे काय नवीन खूळ म्हणून. मी मात्र तिच्या उजव्या हाताकडे बघत राहिलो. तुझ्या जोडीला बांबू तोडायला येणारा शेजारचा काका आठवतो ना? पावसाळ्यात जंगल बंद झालं तरी तो लोकांच्या कुंपणाचे खांब तोडत फिरायचा, हाताला उसंत म्हणून नाही. भर उमेदीत त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. सदरा चढवायला बायको लागायची. ते आठवून मी मुलाला कोरपन्याला फोन लावला. तो सिमेंटच्या कारखान्यात कामावर होता. म्हणाला, सरांना दाखवा. सर म्हणजे शाळेत खेळ शिकवणारे, लाकूड चिरायच्या ज्या आरामशीनवर मी जन्म काढला तिच्या शेजारच्या सायकलवाल्या चाचाचा मुलगा. त्यांनीच तिला डॉक्टरकडे नेलं. वाढीचं वय आहे, कोपराला ताण पडला आहे, दसऱ्यापर्यंत फेकणं बंद, असं ठरलं. दसऱ्यानंतर जिल्ह्याच्या संघाची निवड आहे.

मी सरांकडे गेलो, खरं सांगायचं तर भांडायलाच. म्हटलं, "सर, इतके महिने नाई फेकलं त हात विसरून नाई जाईल का?"

"आबाजी, तुम्ही सायकल विसरले का?"

"मले सायकल येतच नाई."

सर हसता हसता खाली बसले. "अब्बाच्या दुकानाले टेकून जिंदगी काढली अन् सायकल नाई शिकले! कमाल हाय." मग नीट समजावून बोलले, "बॉल हातातून सुटते, पण जोर खालून येते. पाय, कंबर, पाठ. ते कच्चं असलं की सगळा भार कोपरावर पडते. फेकणं बंद हाय, मेहनत बंद नाई. हे महिने तेच पक्कं करू."

आणि दुकानातली सायकलची जुनी ट्यूब कापून त्यांनी तिला दिली. ती ट्यूब आता आपल्या खिडकीच्या गजाला बांधलेली असते. सकाळी उठली की कोपर कुशीला चिकटवून ती ट्यूब हळूहळू ओढते, तितक्याच हळू सोडते. रेतीची थैली छातीशी धरून उठाबशा काढते. पाण्याच्या दोन भरल्या कॅन घेऊन अंगणात सरळ चालते, खांदा कलला की परत पहिल्यापासून. एका पायावर उभी राहते तेव्हा मला बघवत नाही, मी भिंतीजवळ जाऊन हात पुढं करून थांबतो. ती म्हणते, "आबाजी, तुम्हीच पडान." मोजायला मला बसवते आणि मी चुकतो. "तुमचं मोजणं रेशनच्या दुकानासारखं हाय, दरवेळी कमी भरते." मी चौथीपर्यंतच शिकलो, पण चुकतो तो त्यामुळे नाही. माझं लक्ष तिच्या कोपराकडे असतं.

बा, तू पाऊस लागला की कुऱ्हाड पुसायचास, मोहाच्या बियांचं तेल चोळायचास, चिंधीत गुंडाळून आढ्याला बांधायचास, आणि दसऱ्याच्या पूजेलाच ती खाली यायची. मी लहानपणी एकदा म्हटलं होतं, चुलीला ओलं लाकूड पुरत नाही, काढ ना खाली. तू कोयता पुढं सरकवलास आणि म्हणालास, "काऊन रे, कुऱ्हाडीले भूक लागली का?" बस, एवढंच. मी कोयता उचलला. ते महिने तू धानाच्या बांधीत चिखल तुडवायचास, रोवण्याच्या पेंढ्या वाहायचास, दोन बांध्यांमधल्या निसरड्या धुऱ्यावरून मला खांद्यावर घेऊन असा चालायचास की वर बसून मला डुलकी लागायची. दसऱ्यानंतर जंगलातला तुझा पहिला घाव अजून माझ्या कानात आहे. पण ती कुऱ्हाड तू कशासाठी बांधून ठेवायचास? हाताला विसावा म्हणून, की जंगल बंद म्हणून, की तुझा बाप करायचा म्हणून? सर सांगतात ते तुला ठाऊक होतं का? मी विचारलं नाही आणि आता सगळे मला विचारतात, आबाजी, बरोबर आहे ना? मी काय सांगू?

मागं एका दुपारी घरामागून ठप्प असा आवाज आला. बॉल भिंतीवर बसल्याचा. आधी मला इतकं बरं वाटलं की मी उठून उभाच राहिलो. मग आठवलं, फेकणं बंद आहे. मागं गेलो तर ती बॉल पाठीमागं लपवून उभी.

"एकच फेकला आबाजी. हात हाय का गेला, पाहून राह्यली होती."

"आण इकडं."

मी खाट ओढली आणि वर चढलो. तिनंच खाट धरली. चिंधी तिच्याच जुन्या ओढणीची. मी गाठ मारत असताना ती खालून म्हणाली, "दसऱ्याले तुम्हीच काढजा."

"मी असलो त."

"असान ना. कुठी जाऊन राह्यले तुम्ही?"

ती सहज बोलली, पण मला त्या दिवसापासून चैन नाही. तिच्याजवळ दसरे पुष्कळ आहेत, बा. पोळा अजून व्हायचा आहे. अंगणात बसलो की उठतो, उठलो की बसतो, कॅलेंडरापुढं उभा राहतो, दसरा किती दिवसांवर म्हणून सुनेला विचारतो, ती म्हणते, आत्ताच तं सांगितलं. कधी वाटतं पोरीचा हात कायमचा जाईल, कधी वाटतं ती फेकणंच विसरेल, आणि या दोन्हींच्या मागं एक तिसरं असतं, ते मी कुणाला सांगत नाही. मला तिला एकदा पूर्ण फेकताना पाहायचं आहे, पहिल्या बॉलपासून. तिनं ट्यूब ओढली की तिचं बळ वाढतं, आणि माझे दिवस सरतात. हे तिला कळलं तर ती माझ्यासाठी एक बॉल टाकेल.

हा कागद तुला कुठून मिळणार! लिहून झाला की तुझ्या फोटोमागं खोचीन. पण एक तुला सांगतो. ती थांबली आहे, बॉलकडे वर बघतसुद्धा नाही. मलाच थांबवत नाही. आज ती शाळेत गेल्यावर मी खाटेवर चढलो आणि गाठ सोडली. फेकला नाही, शपथ. नुसता हातात घेतला, टाक्यांवरून बोटं फिरवली, आणि दाराची चौकट धरून तिच्यासारखा पाय उचलून पाहिला. मग परत बांधून ठेवला. पण गाठ पहिल्यासारखी बसली नाही, शेंडा लोंबतो आहे. संध्याकाळी ती येईल, वर बघेल, आणि मी पुन्हा चढू नये म्हणून खाट ओढून बाहेर अंगणात नेऊन ठेवेल.