आमची शाळा बंद होणार नाही

८ नोव्हेंबर २००४, सोमवार
शाळा बंद करणार म्हणे! तनूला आणायला गेले तर गेटपाशी सगळ्या आया घोळका करून उभ्या. हेडटीचर मिसेस बॅक्स्टर स्वतः बाहेर आल्या, डोळे लाल. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या स्थानिक सरकारचा, प्रस्ताव आहे – पुढच्या वर्षी कुलूप. कारण? मुलं कमी. टेकडीवर ती प्रायव्हेट शाळा निघाल्यापासून दर टर्मला दोन-चार घरं तिकडे जातात. इथे इंग्लंडमध्ये सरकारी शाळांना डोकी मोजून पैसे मिळतात. मूल गेलं की त्याचे पैसेही गेले. पण बॉयलर तेवढाच जळतो, छप्पर तेवढंच गळतं! ख्रिसमसनंतर दोन इयत्ता एकाच वर्गात बसणार.

तनूचं या प्राथमिक शाळेतलं हे शेवटचं वर्ष, ती सुटली. पण तिचा धाकटा भाऊ विहान? सप्टेंबरमध्ये तो इथेच जाणार होता.

१० नोव्हेंबर
नवरोबा प्रणव म्हणाला, "वॉटफर्डमध्ये काय एकच शाळा आहे? कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"
मी भांडी जरा जोरातच आपटली.

२१ नोव्हेंबर, रविवार
मैत्रिणीकडे, नीनाकडे गेले. तिची सान्वी विहानच्याच वयाची. घर शाळेच्या अगदी समोर – आणि पाठवणार टेकडीवर! तिचे सासरे मुरलीधरकाका पेपर पुढे सरकवून म्हणाले, "निवडणुकीत सरकार बदललं ना, की शाळेचे पैसे मुलाबरोबर प्रायव्हेटलासुद्धा नेता येतील. आपल्याच टॅक्सचे पैसे, आपण ठरवू!"

मी म्हटलं, "काका, न्या की तुम्ही. पण टेकडीवर ज्यांना घेतच नाहीत त्यांनी कुठे जायचं?" तनूच्या वर्गातला युसुफ बोलताना अडखळतो. तिथल्या टेस्टमध्ये त्याला गाळला. इथे तो असेंब्लीत कविता म्हणतो! "तुम्ही सगळे गेलात तर त्याला नीट बोलायला शिकवणारी स्पीचची बाई पहिली जाणार."

काकांनी पेपर परत ओढून घेतला. नीनाने चहा दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

५ डिसेंबर
पाय गेले! युसुफची आई आणि मी, दारोदार. ज्यांची मुलं सप्टेंबरमध्ये शाळेत जायची ती सगळी घरं. कुणी म्हणालं, "बंद पडणाऱ्या शाळेत कोण घालेल?" अगं बाई, तुम्ही घालत नाही म्हणूनच बंद पडते! एका गुजराती आजींनी आत बोलावून गरम हांडवो, त्यांचा तो तिखट डाळ-तांदळाचा केक, खायला घातला आणि म्हणाल्या, "मारो पोतरो आवशे." माझा नातू येईल! जिंकल्यासारखं वाटलं.

१९ जानेवारी २००५, बुधवार
आजचा दिवस विसरणार नाही.

कौन्सिलची मीटिंग. माझं बोलणं झालं. टायवाला कौन्सिलर म्हणाला, "भावना समजतात, मॅडम. पण मुलं कुठून आणणार?"

मला काय सुचलं कोण जाणे! मागे वळले आणि म्हटलं, "जे आपलं मूल या शाळेत घालणार आहेत त्यांनी उभं राहा."

आधी आजी उठल्या, काठी टेकत. मग युसुफची आई, धाकटीला कडेवर घेऊन. मग खुर्च्यांचा नुसता खडखडाट! आणि शेवटच्या रांगेत – नीना. शेजारी मुरलीधरकाका, तेही उभे! कौन्सिलर चष्मा काढून पुसायला लागला.

बाहेर नीना म्हणाली, "बघतेस काय अशी? काकाच म्हणाले, चल."

३ फेब्रुवारी
प्रस्ताव मागे! मागे! मागे!! मिसेस बॅक्स्टरनी भर खेळाच्या मैदानात मला मिठी मारली. प्रणवने संध्याकाळी जिलबी आणली. "हरलो बुवा," म्हणाला. तनू शाळाभर सांगत सुटलीय – माझ्या आईने शाळा वाचवली!

२२ एप्रिल
रिसेप्शनच्या, म्हणजे शाळेतल्या अगदी पहिल्या वर्गाच्या, जागा आज कळल्या. तीसच्या तीस भरल्या! सान्वीला मिळाली, आजींच्या नातवाला मिळाली. मी बोलावून आणलेल्या प्रत्येकाला मिळाली. विहानला नाही. तनू जुलैमध्ये बाहेर पडणार, म्हणजे भावंडाचा हक्क नाही; मग जवळच्या घरांना आधी, आणि घर आमचंच सगळ्यांत लांब. हे सांगताना मिसेस बॅक्स्टर फोनवर रडायलाच लागल्या.
मीच म्हटलं, "रडताय काय? शाळा भरली!"