मंगोलियन वाक्यापुढची चांदणी

सर, तुम्ही गेलात त्याला सहा वर्षं झाली आणि अजून तुमचा राग येतो. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत. तुमच्या शोकसभेला साताऱ्याहून सांगलीला आलो, मागच्या रांगेत बसलो. सगळे तुमच्या विद्वत्तेवर बोलले, तिचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. मध्येच उठून बाहेर पडलो.

ती मंगोलियाहून मिरजेला नर्सिंग शिकायला आलेली. तुमच्या भाषाशास्त्राच्या निबंधासाठी तुम्ही तिला कुठून शोधून काढलंत देव जाणे. दर रविवारी तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती, समोर तुम्ही, आणि वही घेऊन मी. तुम्ही तिच्या भाषेत वाक्य म्हणायचं, असं चालतं का म्हणून तिला विचारायचं. चालत असेल तर मी बरोबरची खूण करायची, नसेल तर वाक्यापुढं चांदणी. 'बाई पोरगा गेला असं म्हणाली', यातल्या आतल्या वाक्याचा कर्ता पोरगा. त्यांच्या भाषेत तो नुसताही राहतो, नाहीतर आपल्या 'ला'सारखा कर्माचा प्रत्यय घेतो. 'पोराला गेला' ऐकून मला हसू आलं, तर तुम्ही म्हणालात, "दात काढू नकोस, लिही." मी लिहीत होतो कुठं, तिच्याकडं बघत होतो. आणि ती मला म्हणायची दादा! हॉस्टेलातल्या पोरींनी शिकवलेलं. लय जिव्हारी लागायचं.

तुमचं म्हणणं असं, की तो पोरगा उचलून पार पुढं, बाईच्याही आधी आणून बसवला तरी प्रत्ययाशिवाय चालतो. तुमचा सगळा निबंध या एका वाक्यावर उभा. ती मान हलवते, "नहीं सर, ऐसा नहीं बोलते." तुम्ही पुन्हा विचारता. हळू म्हणून, घाईत म्हणून, बाईच्या जागी डॉक्टर घालून. दोन तास. तिची ड्युटी, मिरजेची बस, तुम्हाला कशाचं काही नाही. शेवटी त्या वाक्याला बरोबरची खूण मिळाली आणि तुम्ही निबंध घेऊन पुण्याच्या परिषदेला गेलात.

तिथं कुणीतरी उभं राहून ते वाक्य साफ खोटं ठरवलं. पुढच्या रविवारी तुम्ही वही तिच्यापुढं आपटलीत. "उस दिन हाँ बोला था. ये देखो निशान!"

"मैंने हाँ नहीं बोला, सर."

"स्वतःची भाषा येत नाही, तर कशाला येऊन बसतेस?"

शब्द कळले नसतील, आवाज कळला. ती उठली, चप्पल घातली, गेली; परत कधी आली नाही. मी ओरडलो, "आवं सर, लाज वाटत न्हाई का?" तुम्ही म्हणालात, "तिच्या मागं जायचंय ना? जा. वर्गात पुन्हा दिसू नकोस." स्टँडपर्यंत पळालो, बस निघून गेली होती. तीन महिन्यांवर परीक्षा, तरी कॉलेज सोडलं. आता साताऱ्यात टेम्पो चालवतो. दोस्त अजून म्हणतात, "पोरीपायी डिग्री घालवलीस गड्या, पण मास्तराला बोललास मात्र मर्दासारखं." मी नुसता हसतो.

तुम्ही तिला छळलंत, हे मी मागं घेणार नाही. पण त्या दोन तासांच्या रविवारी तुम्ही फोन घ्यायला गॅलरीत गेलात, तेव्हा ती घड्याळाकडं बघत होती, डोळे भरलेले. मी चांदणी खोडली आणि बरोबरची खूण केली. तुम्ही आत आलात तसं म्हणालो, "चालतंय म्हणाली, सर." तिला मराठी कळत नव्हतं. तुम्ही लगेच तिला सोडलंत, आणि दारात ती मला थँक्यू दादा म्हणाली. वही आपटलीत तेव्हा मी तिच्या शेजारीच बसलो होतो. तुमच्यावर ओरडायला तोंड होतं, एवढं सांगायला नव्हतं. आज तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही वाचणार नाही. ती पुढं दीड वर्ष मिरजेतच होती. तिला मी अजून सांगितलेलं नाही.